पितृपक्षात घेतलेलं डोंगल

कॉम्प्युटरचं सामान विकणाऱ्या माणसांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते सुधारायची मला काही गरज वाटत नाही. माझं सगळं आयुष्य भांडी विकणाऱ्यांत गेलं. भांडीवाला खोटं बोलतो तेव्हा निदान त्याला माहीत असतं की आपण खोटं बोलतोय. पातळ पत्र्याच्या पातेल्याला तो 'लई जाड हाय, बघा वाजवून' म्हणतो आणि गिऱ्हाइकानं टिचकी मारायच्या आत दुसरंच पातेलं पुढं सरकवतो. यात एक कसब आहे. डोंगलवाले खोटंसुद्धा बोलत नाहीत. त्यांना काही ठाऊकच नसतं. खोक्यावर जे छापलेलं असतं ते वाचून दाखवतात, आणि वाचतानाही अडखळतात. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, पण छापलेलं वाचताना अडखळत नाही.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. घरी पितळेचं काम. घराघरांत स्टील शिरलं आणि वडिलांची भट्टी थंड पडत गेली. शेवटी शेवटी पितळी गुंडांचा, म्हणजे पाणी भरायच्या भांड्यांचा, एक ट्रक मराठवाड्यात निघाला होता, त्याच्यावर बसून मी धारूरला उतरलो. तिथल्या भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस नव्हता. नाव घालणारा म्हणजे, भांडं विकत घेतलं की त्याच्या काठाखाली सुईच्या मशीननं घेणाऱ्याचं नाव कोरून देणारा. माझा हात त्यात बसलेला होता. दिवाळीपर्यंत राहा, म्हणाले. मी अजून तिथंच आहे.

दुकान अप्पांचं. अप्पा म्हणजे शेट. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडात सकाळपासून कुणाचा तरी उद्धार. त्यांच्या घरातल्या बाई म्हणजे अक्का. मी आलो त्याच साली मला कावीळ झाली होती. परक्या गावात, दुकानाच्या माळ्यावर पडलेला मी, डोळे हळदीसारखे. अप्पा म्हणाले, ह्याला गाडीत बसवून द्या, गावाकडं मरू दे. अक्कांनी मला खाली आणून आपल्या मागच्या खोलीत झोपवलं, उसाचा रस पाजला, बिनतेलाचं खाऊ घातलं, आणि महिनाभर रोज विचारलं, 'पोरा, आज तोंडाला चव हाय का?' 'का'ला आमच्याकडं 'काहून' म्हणतात, इथं 'कावून'. तेवढ्या फरकानंही मला तेव्हा रडू यायचं. ते उपकार मी विसरलो नाही. विसरणं जमतच नाही, कारण उपकार घेतलेल्या माणसाच्या पोटात कायम एक भीती असते, की आपल्या हातून ह्या माणसांचं काही बिघडेल. मी आजही दुकानाचं कुलूप लावून दोनदा माघारी येतो.

तर डोंगलची गोष्ट. मोबाईल तेव्हा सगळ्यांच्या खिशात आले होते, पण ते नुसते बोलायचे. चेहरा बघायचा तर कॉम्प्युटर लागायचा. अक्कांची एकुलती लेक, आम्ही तिला ताई म्हणायचो, लग्न होऊन अमेरिकेत. तिला दिवस गेले, आणि बाळंतपणाला अक्कांनी जायचं ठरलं. ज्या बाईनं सोलापूरच्या पलीकडचं जग बघितलं नव्हतं तिनं पासपोर्ट काढला, तिकडं थंडी म्हणून स्वेटर विणले. आणि श्रावणात महादेवाला जाताना पायरीवरून घसरून खुब्याचं हाड मोडून घेतलं. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पलंग सोडायचा नाही.

अक्का रडल्या नाहीत. पण त्यांनी लेकीला फोनवर एक अट घातली. ह्यांच्या घरात चाल आहे, पहिल्या नातवंडाच्या बारशाला आजोळची वाटी लागते. वाटीवर बाळाचं नाव कोरलेलं. आणि आजीनं पाळण्यापाशी नाव ऐकलं की मगच ते कोरायचं, आधी नाही. अक्का म्हणाल्या, 'फोनवर मला नाव सांगू नगंस. पाळणा हलताना बघायचाय मला. नुसत्या आवाजाला काय कवटाळू?'

म्हणजे कॉम्प्युटरवर बघायचं. कॉम्प्युटर होता. ताईंच्या शिक्षणाला घेतलेला, अक्कांच्याच मागच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला. नेट मात्र पुढं दुकानात. फोनची लाइन गल्ल्यावर, त्यामुळं नेटचा तो दिवे लुकलुकणारा डबाही गल्ल्यावरच, आणि मधे एक भिंत. सुरुवातीला दारातून वायर ओढली होती. आठवड्याच्या आत हमालाच्या पायात अडकून ती तुटली, हमाल पडला आणि त्याच्या डोक्यावरची परातींची थप्पी रस्त्यापर्यंत घरंगळत गेली. अप्पा म्हणाले, 'पुन्हा वायर दिसली तर तुझ्याच गळ्यात बांधीन बे.'

भिंतीला छिद्र पाडा म्हटलं तर तेही नाही. त्या भिंतीत खोलीच्या बाजूनं देवळी आहे, तिथं अप्पा सकाळी लिंगपूजा करतात. त्या भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत. कॅलेंडर लावायचं तर समोरच्या भिंतीवर.

मग राहिलं बिनवायरचं. कॉम्प्युटरच्या पाठीत बोटाएवढा एक तुकडा खुपसायचा, तो हवेतून नेट पकडतो. ह्या तुकड्याला कुणी डोंगल म्हणतं, कुणी अडॅप्टर. एवढी माहिती आम्हाला पुण्यातून मिळाली. पुण्यात अप्पांचा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि शेवटच्या वर्षाला तो आणखी पुष्कळ वर्षं राहिला. तो फोनवर म्हणाला, 'मामा, सिंपल आहे. एक यूएसबी अडॅप्टर टाका.' टाका म्हणे, चहात साखर टाकल्यासारखं. कोणता, कुठून, कसा, ते विचारलं तर म्हणाला, 'लेक्चर आहे.'

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. 'तू विजेच्या मशीनवर बसतोस ना? मग तूच जा.' अप्पांच्या हिशेबी ज्याला प्लग आहे ते सगळं एकाच जातीचं. मी भांड्यावर नाव घालतो म्हणून मला डोंगल कळायला हवं, आणि उद्या पिठाची गिरणी बिघडली तर तीही. 'आणि लई भारी आणू नगंस. काम झाल्याशी मतलब.'

जायच्या आधी मी बाजारात विचारून बघितलं. ते एक चुकलंच. धारूरच्या बाजारात ज्याच्याकडं कॉम्प्युटर नाही असे झाडून सगळे मला सल्ला द्यायला उभे राहिले. फोटो स्टुडिओवाला म्हणाला, अँटेना असलेलंच घ्या. एक मास्तर म्हणाले, अँटेनानं कॅन्सर होतो. शेजारचा किराणेवाला, ज्याला स्वतःचा मोबाईल सुरू करून द्यायला बायको लागते, तो म्हणाला, 'चायनाचं घिऊ नका.' जगात दुसरं कुठलं मिळतं हे त्याला विचारायला हवं होतं. मग त्यानं बोटं मोजून वर सांगितलं, 'आन् आत्ता कावून जाताव? पितृपक्ष हाय. नवी वस्तू घ्येत न्हाईत.'

हे मात्र खरं होतं. पितृपक्षात आमच्या दुकानात माशा मारायला गिऱ्हाईक येत नाही. कुणी चमचा घेत नाही. माल तळाला गेलेला, मागच्या भिंतीची मांडणी मोकळी, अप्पा गादीवर आडवे. पण ताईंचे दिवस भरत आले होते. अक्का म्हणाल्या, 'जा तू. पोटातलं लेकरू पितृपक्ष बघून थांबतंय व्हय?'

केज-नेकनूर करत बीडला पोचलो. कॉम्प्युटरच्या दुकानात काचेमागं थंडगार हवा, आणि त्या हवेत एक पोरगेला गृहस्थ, शर्टाची दोन बटणं उघडी. मी म्हटलं, वायफायचं डोंगल पाहिजे.

'दीडशेचं का तीनशेचं?'

मला वाटलं किंमत सांगतोय. म्हटलं, 'एवढं स्वस्त?'

'स्पीड हो, स्पीड. कशाला लागतंय तुमाला?'

'अमेरिकेतली पोरगी बघायचीय.'

त्यानं मागच्या माणसाला हाक मारली, 'ऐकलं का, हे अमेरिकेतली पोरगी करायलेत!' दोघं हसले. मी पण हसलो. परक्या दुकानात मी नेहमी हसतो, भीतीनं. मग मी नीट सांगितलं. त्यानं तीन खोकी काढून मांडली. एक नखाएवढं, एक बोटाएवढं, एकाला शेपटीसारखी अँटेना. मी विचारलं, यात फरक काय? तो खोकं फिरवून वाचू लागला, 'हे... हाय... हाय पर्फ... पर्फॉर्मन्स हाय.' मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, 'म्हणजे चांगलं हाय.' आणि दुसरं? 'ते पण चांगलं हाय. पण हे जास्त.' आणि तिसरं? 'ते तर लईच.'

हा माणूस एसीत बसून पगार घेत होता.

शेवटी त्याला एक प्रश्न सुचला. 'मधी भिंती किती?'

'एकच. विटांची.'

'मग कायबी न्या. हे तीन भिंती पार करतंय.'

खोक्यावर तर शेतं-डोंगर पार करून निळ्या लाटा चाललेल्या दाखवल्या होत्या, आणि लाटांच्या शेवटी एक गोरं कुटुंब सोफ्यावर हसत बसलं होतं. अप्पांचं वाक्य डोक्यात होतं. मी सगळ्यांत स्वस्त, बोटाएवढं घेतलं. बाहेर पडताना एकदा मागं वळून म्हटलं, 'चालेल ना नक्की?' तो फोनवर बोलत होता. त्यानं हात हलवला. तो हात 'हो' म्हणत होता की 'जा' म्हणत होता, ते मला आजपर्यंत कळलं नाही. परतीच्या गाडीत नेकनूर येईपर्यंत मी वरच्या खिशावर हात दाबून बसलो होतो, छातीत दुखणाऱ्या माणसासारखा. शेजारच्या म्हातारीनं शेवटी विचारलंच, गोळी देऊ का.

इंग्रजी अक्षरं मला भांड्यांमुळं येतात, कारण लोकांना आडनावाच्या आधीची अक्षरं इंग्रजीत हवी असतात. शब्द येत नाहीत. भाच्याला फोन लावून मी पडद्यावरची एकेक अक्षरं सांगत गेलो आणि तो पलीकडून 'नेक्स्ट, नेक्स्ट' म्हणत गेला. बहुधा खातही होता. कसं ते माहीत नाही, पण कोपऱ्यात नेटच्या काठ्या उभ्या राहिल्या, सगळ्याच्या सगळ्या. आणि त्या दिवशी संध्याकाळी ताई दिसल्या. पोटावर हात ठेवून उभ्या, केस मोकळे. अक्कांनी पडद्याला हात लावला आणि पहिलं वाक्य काय, तर 'केस बांध गं, दिवेलागण झालीय.' ताई म्हणाल्या, 'आई, इथं सकाळ आहे.' अक्का म्हणाल्या, 'मंग येणी घाल.' अप्पा दारात उभे होते. आत आले नाहीत. दोन्ही हात मागं बांधून, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानाकडं बघत उभे होते, पण कान इकडं.

तो उरलेला पंधरवडा मी फार सुखात काढला. रोज अक्का म्हणायच्या, 'ह्या पोरानं मला लेक दाखिवली.' अक्कांना मी स्वतः शिकवलं, हिरवं बटण आलं की दाबायचं. माझं छातीत दुखणं थांबलं.

घटस्थापना झाली आणि माल उतरायला लागला. दिवाळीचा माल आमच्याकडं नवरात्रातच येतो. त्या वर्षी अप्पांनी जास्तच मागवला. मागच्या भिंतीला खालपासून आढ्यापर्यंत घागरी, हंडे, पातेली, डब्यांचे उतरंडीसारखे ढीग. दाराची अर्धी फळीसुद्धा पराती टेकवून बंद केलेली. माणूस आडवा होऊन आत जायचा. आणि त्याच दिवसांत कधीतरी नेटच्या काठ्या कमी होत गेल्या. ताईंचा चेहरा आधी चौकटी चौकटींचा झाला, मग थिजला, मग गेला.

आता हे वाचताना तुम्हाला कळलं असेल. आम्हाला नाही कळलं. आम्ही भांड्यांत जन्म काढलेली माणसं; भांडी आमच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. मासोळीला पाणी दिसत असेल का, तसं. आणि जे बाहेरचे होते, ज्यांनी दुकानाची मागची भिंत कधी बघितली नव्हती, त्यांना सांगणार कोण? त्यांनी विचारलंही नाही. भिंती किती ते विचारलं. भिंतीपुढं काय रचलंय ते एकानंही विचारलं नाही.

किराणेवाला मात्र धावत आला. 'मी म्हनलो व्हतो! पितृपक्षात आनलं! चालंल कसं?' त्याला इतका आनंद झाला होता की त्यानं स्वतःहून मला चहा पाजला. अप्पांनाही ते पटलं. फोटो स्टुडिओवाल्याचं म्हणणं पडलं, अँटेना नाही म्हणून. भाचा म्हणाला, 'लोकल माल असेल.' तिघांचं कारण वेगळं, पण बोट एकाच दिशेला, स्वस्तातलं डोंगल आणि ते आणणारा. अप्पा म्हणाले, 'बामणाला विचारून न्हाई तर निदान पंचांग बघून तरी जायचं बे!' अप्पांनी स्वतः आयुष्यात बामणाला काही विचारलेलं नाही, लिंगायतांचे पुरोहित जंगम, ते वेगळे. पण रागात माणूस जो सापडेल तो वापरतो.

दसऱ्याचा मुहूर्त साधायचा म्हणून मी दोन दिवस आधी पुन्हा बीडला गेलो. तोच गृहस्थ. त्यानं मला ओळखलं. 'काय, झालं का जमून अमेरिकेचं?' मी ते स्वस्तातलं पुढं केलं. त्यानं ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, 'उघडलेला माल परत घेत न्हाई. पण मी तवाच सांगितलं व्हतं, अँटेनावालं न्या.' त्यानं काही सांगितलं नव्हतं. मी अँटेनावालं घेतलं. महागाचं. अप्पांनी ते खंडेनवमीला माझ्या नाव घालायच्या मशीनशेजारी पूजेला मांडलं, झेंडूचं फूल वाहिलं, भस्म लावलं. अँटेनाला दोरा बांधला. त्या दिवशी कुठलंही हत्यार वापरायचं नसतं, म्हणून डोंगलही तसंच फुलात पडून राहिलं, आणि दसऱ्याला आपट्याची पानं देऊन झाल्यावर मी ते कॉम्प्युटरला लावलं.

एक काठी. तीही यायची, जायची.

कोजागिरीच्या सुमाराला ताईंना मुलगी झाली. फोनवर आवाज ऐकला सगळ्यांनी, बाळाच्या रडण्याचा. अप्पांनी पेढे वाटले. अक्कांनी फोन कानाला धरून पुष्कळ वेळ ऐकलं आणि माझ्याकडं दिला. म्हणाल्या, 'कोनाचंबी रडनं असंच ऐकू येतंय.'  ताईंच्या सासरच्यांनी बारसं धनत्रयोदशीचं धरलं, तिकडची सकाळ, आपली दिवेलागण. अक्कांनी चांदीची वाटी काढून माझ्यापाशी ठेवायला दिली. ती मी मशीनच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवली आणि दिवसातून कितीदा तरी उघडून बघायचो, आहे ना.

भाच्याचे फोन सुरूच होते. राउटर बदला. विंडोज पुन्हा टाका. चॅनेल बदला. मी विचारलं, तू ये की दिवाळीला, बघून जा. म्हणाला, 'सबमिशन आहे.' जगात काहीच न करता इतकं बोलता येतं, हे मला त्या मुलानं शिकवलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी अप्पा म्हणाले, 'दोन्ही उकिरड्यावर टाक. म्हातारीला सांग, फोनवरच ऐक म्हनावं.' मी सांगायला आत गेलो. अक्का उशीला टेकून बसल्या होत्या, नवी इरकल नेसून. मी काही बोलायच्या आधी म्हणाल्या, 'ते पहिलंच लाव. स्वस्तातलं.'

'अक्का, ते चालत न्हाई. पितृपक्षातलं...'

'त्यात मला लेक दिसली व्हती. भारीतल्यात कोन दिसलं? पितृपक्षातलं आसंल तर आपल्याच गेलेल्या मानसांनी दाखिवली आसंल. लाव.'

मी लावलं. काठी एकही नाही. कॅमेरा चालू करून ठेवला, आवाज वाढवून ठेवला, अक्कांचा हात माऊसवर ठेवला आणि दुकानात आलो. 

धनत्रयोदशीला आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्यात ऊसतोडीला निघणारी माणसं. त्यांना घागर, तवा, पातेलं एकदमच हवं असतं, आणि प्रत्येकावर नाव. उसाच्या फडावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, एकमेकींना लागून असतात, सगळ्यांची भांडी एकाच नळावर. नाव नसलं तर घागर कुणाचीही होते. त्यामुळं माझ्यापुढं रांग. मशीन टर्रर्र वाजतंय, आणि हमाल मागच्या भिंतीवरून घागरी उतरवतायत. एक एक करता वरच्या रांगा गेल्या. हंडे गेले. दारापुढच्या पराती एका बचत गटानं एकदम उचलल्या.

दिवे लागले तेव्हा मागची मांडणी जवळजवळ मोकळी झाली होती, पितृपक्षात होती तशी. आणि आतून अक्कांचा आवाज आला. त्या पलंगावर पडल्यापासून इतक्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

'दिसतंय! अवो, पाळना दिसतोय!'

मी सुई उचलली. अप्पा गल्ल्यावरून अर्धे उठले. पण गिऱ्हाईक तुटून पडलेलं. त्यांनी हमालाला हात केला, 'गोदामातनं घागरी आन. भर भिंत.' हमालांनी पोत्यांतून घागरी काढून मांडणीवर चढवायला घेतल्या. एक थर. दुसरा.

'गेलं!' आतून ओरडणं आलं. 'थांबलं सगळं! तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं!'

हमाल घाबरून थांबला. त्याच्या हातात घागर होती. त्यानं ती खाली घेतली. आतून, 'हललं, हललं!' त्यानं पुन्हा वर ठेवली, का ते त्यालाच माहीत. 'गेलं!'

 रांगेतला ऊसतोड टोळीचा एक माणूस म्हणाला, 'शेट, तुमची घागर मधी यायलीय की.' आणि मग सगळ्यांना एकदम दिसलं. मला, अप्पांना, हमालांना, घागर हातात घेतलेल्या बायकांना. भिंत विटांची नव्हतीच आमची. ती आम्हीच रचत होतो. पुढं सणाला भाचा आला तेव्हा म्हणाला, 'मेटल आहे ना, बेसिक आहे.' आणि किराणेवाला आजही सांगतो की त्याला पहिल्या दिवसापासून शंका होती. असो.

अप्पा गल्ल्यापाशी उभे होते. वर्षाची कमाई करायचा तो एक तास. गोदामात माल भरलेला, दारात माणसं, आणि एक बाई विचारत होती, 'अप्पा, घागर हाय का न्हाई?'

अप्पांनी मांडणीकडं बघितलं. मग आतल्या दाराकडं. मी त्या माणसाला पातळ पत्रा जाड म्हणून खपवताना हजारदा बघितलंय. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी असलेला माल नाही म्हणून सांगितला.

'संपल्या. घागरी संपल्या, माय. पुढच्या दुकानात बघा.'

'आन् ह्या पोत्यातल्या?'

'त्या गळक्या हायेत.'

मग ते हमालावर खेकसले, 'बघतोस काय बे! उतरीव ते वरचं. समदं उतरीव.' आणि चप्पल काढून ते आतल्या खोलीत गेले.

मी जागचा हललो नाही. रांग होती. मशीन बंद करून मी नुसता ऐकत बसलो. पलीकडून बायकांचं गाणं येत होतं, चिरकं, मधेच तुटणारं. मग गाणं थांबलं, कुणीतरी 'कुर्रर्र' केलं, आणि अक्कांनी ते नाव भिंतीतून मला ओरडून सांगितलं. लगेच अप्पांनी पुन्हा ओरडून सांगितलं, मला ऐकू आलं नसेल म्हणून. अप्पांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. नाव इथं लिहीत नाही, ते त्या घरचं आहे.

मी फडकं सोडलं. रांगेतली बाई म्हणाली, 'आवो, माझा नंबर हाय.' म्हटलं, 'माय, एवढी एक वाटी होऊ दे.' ती वाकून बघायला लागली, तिच्यामागचीही. चांदी मऊ असते, सुई जास्त जाते, हात हलका ठेवावा लागतो. वाटी मी डाव्या हातानं घट्ट धरली आणि अक्षरं घातली. वळणदार आली. शिरोरेघ एका दमात ओढली.

वाटी घेऊन आत गेलो. पडद्यावर ताई, कुशीत लाल टोपडं. अक्कांनी वाटी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावली, पदरानं पुसली आणि कॅमेऱ्यापुढं धरली.

'बघ, नाव घातलं. वाच.'

ताई पुढं वाकल्या. 'आई, दिसत नाही गं. नुसतं चकाकतंय.'

अक्कांनी वाटी तिरकी केली, सरळ केली, दिव्याखाली धरली. अप्पा म्हणाले, 'अगं, जरा लांब धर.' लांब धरली. ताई म्हणाल्या, 'नाही वाचता येत.'

'येत न्हाई ना?' अक्का म्हणाल्या आणि वाटी पदराखाली घेतली. 'मंग ये हितं लेकराला घिऊन. तवर माझ्यापाशी ऱ्हाऊ दे.'